रुद्धोष्म मटण

२ एप्रिल, बुधवार

व्याही आज एक शब्द सोडून गेले आणि माझ्या डोक्यात तो गरागरा फिरतोय.

साखरपुड्याची तारीख ठरवायला आले होते. वीस एप्रिल, रविवार, सुकापूरला आपल्याच दारात. उदयसिंह सर, कुमुदवहिनी आणि नवरदेव निनाद. सर नवीन पनवेलला राहतात. पॉलिटेक्निकात एकतीस वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकवून रिटायर झाले. साधं ‘साखर कमी’ म्हणाले तरी फळ्यावर लिहिल्यासारखं वाटतं. आमची समीक्षा त्यांच्याशी फडाफडा बोलते, ती इंजिनियर. मी आपला कप-बशी सांभाळत बसलेला. बारावी नापास माणूस — जासईच्या यार्डात एकोणीस वर्षं रीफरला प्लग लावलेला.

‘रीफर म्हणजे?’ वहिनींनी विचारलं. म्हटलं, जहाजावरून मासे, द्राक्षं नेतात तो थंड कंटेनर. यार्डात उतरला की प्लग लावायचा, किती डिग्रीला सेट आहे ते बघायचं, वेळ टाकून वहीत लिहायचं, सही करायची. ही रोजनिशीसुद्धा त्याच सवयीची. हात रिकामा बसत नाही.

मग आमच्या परसातला रीफर दाखवला. भंगारात निघालेला धनेशने मिळवून दिला. धनेश म्हणजे माझा पुतण्या, त्याच यार्डात रीफर मेकॅनिक. कोळंबी साठवायचा बेत होता, त्यासाठी त्याने भिंतीला थ्री फेजचा पॉइंटही काढून दिला. कोळंबी राहिली. आता आत बायकोचे, मालूचे टोप आणि जुनी गादी.

सरांनी भिंतीवर टकटक केलं. कान लावला. म्हणाले, ‘कमळाकरराव, हा तर जवळजवळ ॲडिॲबॅटिक! मराठीत रुद्धोष्म. आतली उष्णता बाहेर नाही, बाहेरची आत नाही.’

मी म्हटलं, पण हा थंड ठेवायचा असतो.

‘भिंतीला काय कळतंय आत बर्फ आहे की मटण?’

सर हसून गाडीत बसले. मी तिथेच उभा. चारशे माणसांचं मटण... आणि शेवटच्या पंगतीलाही वाफाळतं!

३ एप्रिल

समीक्षाकडून शब्द फोडून घेतला. रुद्ध म्हणजे अडवलेला, ऊष्मा म्हणजे उष्णता. म्हणाली, ‘पप्पा, पूर्ण रुद्धोष्म जगात काही नसतं. ती कल्पना आहे. थोडी तरी झिरपतेच.’

म्हटलं, तुमच्या कॉलेजात झिरपत असेल.

५ एप्रिल, शनिवार

चहाचा थर्मास — रुद्धोष्म. मालूची गोधडी — रुद्धोष्म. रेशनवाल्याचा आईस्क्रीमचा डबा — होता, पण झाकण फुटलंय, त्याला तसं सांगितलं. त्याने पिशवीत एक किलो साखर कमी भरली.

मालूला म्हटलं, आपल्याकडे मटण कायम गार का होतं? गुरुजी उशिरा, पाहुणे उशिरा, फोटोवाला त्याहून उशिरा. भाची रसिकाच्या लग्नातला गार रस्सा लोक अजून काढतात. सरांसमोर तसं झालं तर मी तोंड दाखवणार नाही.

मालू म्हणाली, ‘मंग चूल पेटती ठेवा की.’

अशाने देश पुढे जात नाही.

६ एप्रिल, रविवार. चाचणी.

११.०० — एक टोप रस्सा आत. ९१ डिग्री. दार बंद.
१२.०० — ८९.
१.०० — ८७. जय हो.
१.२० — मालूने दार उघडलं!! खवणी हवी होती म्हणे. चाचणी चालू असताना खवणी!
१.२२ — ८५.
३.०० — ८२. धनेशने बोट बुडवून चाखलं, बोट भाजलं. ‘काका, यो भारी काम झाला.’

पोराला आनंद झाला की भाऊ आठवतो. भाऊ गेला तेव्हा धनेश नववीत. मीच यार्डात लावला, मीच पहिला रीफर दाखवला. आज चौतिशीचा बाप्या झालाय, तरी मला काहीही जमेल असं त्याला अजून वाटतं.

१३ एप्रिल, रविवार

धनेशने कंटेनरचं मशीन फिरवून बघितलं. चालू आहे. ‘वापरला नाय तर जाम होतो, काका.’ म्हटलं, आपल्याला मशीनशी काय करायचंय? आपलं काम भिंतीशी.

गंगाबाईवहिनी — धनेशची आई, शेजारच्याच घरात — म्हणाल्या, ‘भाकरी कोंडल्यास तर घाम येल तिला. टोपल्यात फडकी घाला.’ वीस बायका चुलीवर तांदळाच्या आठशे भाकऱ्या करणार, वहिनी त्यांच्या मुकादम. त्यांना रुद्धोष्म समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘फडकी घाला.’

१७ एप्रिल

नाक्यावर मला आता सायंटिस्ट म्हणतात. मी मनावर घेत नाही. दोन वेळा उलट हात हलवला, एवढंच.

१९ एप्रिल, शनिवार

सरांचा फोन. ‘उद्या माझे दोन जुने सहकारी आणतोय. दोघेही थर्मोडायनॅमिक्सचे. त्यांना तुमची रुद्धोष्म पेटी बघायचीय.’

साखरपुडा मुलीचा आणि परीक्षा बापाची.

२० एप्रिल, रविवार

९.१५ — भाकऱ्या चालू. धूर फार. बायका गातायत.
१२.५० — भाकऱ्या टोपल्यांत. फडकी घातली (वहिनींना कळू दिलं नाही की त्यांचं ऐकलं).
१.२५ — नऊ टोप मटण आणि भाकऱ्यांच्या टोपल्या आत. ९३ डिग्री.
१.४० — दार बंद. सील बघितलं. प्लग ओके. सेट वजा १८. सही — क. पाटील.
१.४५ — सर आले! सहकाऱ्यांसकट!

संध्याकाळ, सात.

लिहवत नाही. तरी लिहितो.

गुरुजी उशिरा. अंगठी निनादच्या बोटात जाईना, त्यात पाव तास. फोटोवाला ‘परत हसा, परत हसा’ करत बसला. मी मनात हसत होतो, होऊ दे उशीर. सव्वाचारला सर, त्यांचे दोघे सहकारी, अर्धा मांडव घेऊन मी कंटेनरसमोर. छोटं भाषण केलं. ‘आतली उष्णता बाहेर नाही’ वगैरे. टाळ्या. दार उघडलं.

पांढरा धूर!

लोकांना वाटलं वाफ. मलाही अर्धा सेकंद वाटलं. मग तो धूर पायांवर आला आणि बोटं गारठली. आतून पंख्याचा घर्र आवाज. बेंजोवाल्यांच्या गोंगाटात इतका वेळ कुणाला ऐकूच आला नव्हता. मशीन चालू! टोपांवर चरबीचा पांढरा थर बसलेला, डाव उभा रोवला तर उभाच राहिला. निनादच्या पुण्याच्या आत्याबाईंनी भाकरी उचलून टेबलावर आपटली, पाटी आपटल्यासारखा आवाज आला. एक सहकारी मोबाइलवर शूटिंग करत होते.

सर शांतपणे म्हणाले, ‘कमळाकरराव, याला रुद्धोष्म नाही म्हणता येणार. यात उष्णता पद्धतशीर बाहेर काढलीय.’

मांडव फुटला हसून.

माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. वळलो तर धनेश. बोललो — चारशे माणसांत बोललो. ‘तुझ्याशिवाय प्लग लावणार कोण? रीफर दिसला की खुपसला, एवढीच अक्कल! बापाविना वाढवला तो माझी लाज काढायला?’

तो ‘चुकला, काका,’ एवढंच म्हणाला. निघून गेला. न जेवता.

बायकांनी पुन्हा चुली पेटवल्या. पंगत साडेपाचला बसली. कुमुदवहिनींनी तोवर अकरा पेढे खाल्ले, मी मोजले.

२१ एप्रिल

बरं झालं बोललो ते. यार्डाची सवय घरात आणायची नसते. मशीनवाला माणूस, त्याला एवढं कळू नये?

मालू माझ्याशी बोलत नाही. का ते कळत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

सरांचा फोन आला. रागावलेले नाहीत, उलट उत्साहात. हिशोब मांडतायत. ‘दार बंद केलं तेव्हा तापमान किती होतं? तुम्ही लिहून ठेवता ना?’

म्हटलं थांबा, वही बघून सांगतो. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने पान काढलं. ९३ डिग्री, हे सांगितलं. आणि खालची ओळ वाचली.

प्लग ओके. सेट वजा १८. सही.

माझी सही.

‘हॅलो? कमळाकरराव? ९३ आणि पुढे?’

रेंज गेली असं बोललो आणि फोन गादीखाली घातला.

२३ एप्रिल

दहा वेळा वाचलं. अक्षर माझंच. आधी वाटलं कुणीतरी नक्कल केली. माझी ‘क’ची शेपटी अशी कोण काढणार?

आठवत नाही, हेच मोठं आहे. दार लावलं, सील दाबलं, वायर उचलली, खुपसली, आकडा बघितला, लिहिलं. एकोणीस वर्षांत किती हजार वेळा केलं असेल. हाताने केलं, डोकं तिकडे नव्हतंच. डोकं सरांच्या गाडीकडे होतं. आता कोर्टात हाताला उभं करायचं का?

पान फाडायला घेतलं. मग मागच्या बाजूला बघितलं तर चाचणीचे आकडे! ८९, ८७, ८५. ते कसे फाडणार? नाही फाडलं.

२६ एप्रिल, शनिवार

गंगाबाईवहिनी रोज सकाळी कुंपणावरून काही ना काही द्यायच्या — वालाच्या शेंगा, सुकट, काहीही. सहा दिवस झाले, कुंपणाजवळ फिरकल्या नाहीत. धनेशने दुसरी पाळी घेतलीय. मी घरी असतो तेव्हा तो यार्डात.

त्याने समीक्षाकडे निरोप पाठवला. आठ मेला लग्नाच्या दिवशी ड्युटी लावून घेतलीय म्हणे. ‘काकाला मना बगून राग येल. पोरीच्या लग्नात कटकट नको.’

समीक्षाला सख्खा भाऊ नाही. लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान धनेशचा. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘पप्पा, दादा नसेल तर मी हळदीला बसणार नाही. सरळ सांगतेय. तुम्ही त्याला घेऊन या.’

मी म्हटलं, त्यानेच प्लग लावला ना. हे तोंडातून कसं आलं? वही तर खिशात होती!

मला माझीच किळस आली. साठीला आलेला माणूस मी.

२८ एप्रिल, सोमवार

सर आले, सायकलचा पंप घेऊन. मला वाटलं आता मारतात.

पंपाचं तोंड बोटाने बंद केलं आणि दट्ट्या भराभर दाबला. ‘हात लावा.’ नळी गरम! म्हणाले, ‘रुद्धोष्म व्हायला जाड भिंतच लागते असं नाही. काम झटक्यात केलं तरी होतं. उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. सावकाश कराल तर झिरपत राहते.’

मला एकदम उजेड पडला. मी आठवडाभर सावकाश करतोय आणि माझं झिरपतंय! झटक्यात बोलून टाकायचं. तोंड उघडलं, ‘सर, तो प्लग —’

‘हो हो, पुतण्याने लावला ना. मनाला लावून घेऊ नका. सवयीने होतं.’

आणि मी म्हटलं, ‘हो.’

एक अक्षर. धनेश पुन्हा गुन्हेगार.

मालू आतून बघत होती. तिला काही माहीत नाही, तरी म्हणाली, ‘तुमच्या घरात मांजरीनं दूध पियाला तरी धनेशचा नाव.’

१ मे

आज सुट्टी होती. सांगणार होतो. नाही सांगितलं.

२ मे

आजही नाही.

३ मे, शनिवार

झटक्यात केलं!

नवीन पनवेलला सरांच्या घरी गेलो. तिसरा मजला. दार उघडलं तसा चप्पल न काढता एका दमात बोललो — ‘प्लग मी लावला पुतण्याने नाही वहीत सही आहे येतो.’ आणि जिना उतरायला लागलो.

खाली पोचलो तर गॅलरीतून हाक. ‘कमळाकरराव! निदान चहा घेऊन पळा!’ अख्खी सोसायटी बघतेय. परत चढलो.

सर हसले नाहीत, हेच आश्चर्य. वहिनी आत गेल्यावर हळू बोलले. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी प्रयोगशाळेतला छोटा बॉयलर पाणी न घालताच पेटवला होता. जळाला. प्राचार्यांना सांगितलं, शिपायाने पाणी भरलं नाही.

‘मग?’

‘मग काही नाही. त्याची बदली झाली. दहा वर्षांनी वारला. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आज तुम्हालाच.’

चहा तसाच राहिला दोघांचा. मला त्यांची इतकी भीती का वाटत होती, कळेना.

५ मे, सोमवार

सकाळी धनेशच्या दारात. पाळी बदलून आता पहिली लागली होती, निघत होता, डबा हातात. गंगाबाईवहिनी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी वही उघडली आणि वाचलं, मोठ्याने. दीड वाजून चाळीस — नाही, एक चाळीस. प्लग ओके. सेट वजा १८. सही, क. पाटील. ‘धनेश, मी लावला रे. आणि कळून तेरा दिवस झाले. तरी गप्प बसलो.’

रडायचं नव्हतं, रडलो.

धनेशने वही हातात घेतली, बारकाईने बघितली. ‘अक्षर तुझाच हाय,’ म्हणाला. आणि डबा खाली ठेवून माझा खांदा धरला.

वहिनींनी सूप बाजूला केलं. ‘बोललास तवा चारशे मानसा होती. आनि माफी तिघांत?’

खरं आहे. हळदीला माइक असतो.

७ मे, बुधवार

हळद. संध्याकाळ भरात असताना बेंजोवाल्याकडून माइक मागितला. त्याला वाटलं गाणं म्हणतोय, सूर धरला त्याने. तशा सुरावरच मी कबुली दिली. माणसं साखरपुड्याचीच होती, वर शंभर नवी. प्लग कुणी लावला, कुणाचं नाव घेतलं, किती दिवस लपवलं, सगळं. मधे मधे तो ढोलकवाला ठेका देत होता, त्याला थांबवता येईना.

लोक हसले. खूप हसले. नाक्यावरचे ओरडले, ‘सायंटिस्ट!’ हसू द्या. समीक्षा तोंडभर हळदीने बसली होती, ती रडत होती आणि हळद ओघळत होती. सरांनी पहिली टाळी वाजवली. मग स्वतः पुढे येऊन धनेशला पाटावर बसवलं आणि त्यालाही हळद लावली. मटण थेट चुलीवरून वाढलं, मालूच्या हुकमाने. कुणाचं गार झालं नाही.

धनेश तीन वेळा जेवला. उद्याची ड्युटी त्याने बदलून घेतलीय.

८ मे, गुरुवार

हॉलवर निघायच्या आधी दोन ओळी. धनेश आरशासमोर फेटा बांधून घेत होता. सहज म्हणाला, ‘काका, तू प्लग लावलास तवा मी मागंच उभा होतो.’

मग काढला का नाही रे?

‘तू पंधरा दिस तो शब्द घोकत होतास. मना वाटला, रुद्धोष्म असाच करतान.’

आणि मी चारशे माणसांत तुला बोलत होतो तेव्हा? तेव्हा का नाही सांगितलंस?

‘सर तुझ्या बाजूला उभं होतं ना.’